एका बाजूचा आवाज

"आजोबा, लाल पिन लाल भोकात आणि पांढरी पांढऱ्यात. एवढंच करायचंय. बाँब नाही जोडत मी."

"बाँबच आहे तो. स्टँडसमोरच्या हातगाडीवरची वायर, आणि ती लावायची माझ्या ॲम्प्लिफायरला!" हे खुर्चीतून अर्धवट उठले आणि गुडघ्यानं नाही म्हटल्यावर पुन्हा बसले. "जपानी मशीन आहे ते. असलं काही खपवून घेणार नाही."

"घेतंय की. दिवा लागला बघा."

ऋजुता, माझ्या मुलीची मुलगी, शोकेसच्या मागे डोकं घालून बसली होती. बाहेर तिचे नुसते पाय दिसत होते. मी चहाचा ट्रे धरून उभी. आणि पलंगावर, पाठीला लोड घेऊन, ऐकायला म्हणून आलेली माझी नणंद. इंदू वन्सं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हे गेले, पाठोपाठ वन्संही गेल्या. तेव्हा मात्र घरात लगीनघाई होती. वन्संच्या गायनवर्गाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांच्या शिष्यांनी नाट्यगृहात सत्कार ठेवला होता. पत्रिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं, 'या प्रसंगी बाईंचं पहिलं ध्वनिमुद्रण ऐकवण्यात येईल.' ते ध्वनिमुद्रण म्हणजे आमच्या कपाटात, ह्यांच्या कुलपाखाली पडलेली एक कॅसेट.

कॅसेट होती, पण ती वाजवायचं डेक कधीच बंद पडलं होतं. आतले रबरी पट्टे वितळून त्यांचं डांबर झालं होतं. ह्यांनी पुण्याला फोन करून करून एक जाणकार शोधला, तर तो म्हणे सगळं डेक पाठवा, मग बघतो. ऋजुता कोल्हापूरला शिकत होती. तिनं हट्टानं ह्यांच्याकडून कॅसेट नेली, एका मित्राकडून तिच्यातलं गाणं फोनमध्ये उतरवून घेतलं आणि येताना ही वायर आणली. एका टोकाला फोन, दुसऱ्या टोकाला ॲम्प्लिफायर. भेळेच्या पुडीएवढ्या पैशात काम झालं होतं, आणि ह्यांना नेमकं तेच सहन होत नव्हतं. ज्या यंत्राजवळ त्यांनी घरातल्या माणसाला फिरकू दिलं नाही, त्याच्याशी एक फोन परस्पर बोलायला लागणार होता.

"वहिनी, चहा ठेवा हो खाली. हात दुखतील," वन्सं म्हणाल्या.

"सवय आहे," मी म्हटलं.

आमचं गाव इचलकरंजी. घरामागे आमचेच माग. दिवसरात्र खटखट, खटखट. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, या आवाजात माणसं बोलतात तरी कशी. पण मी गात होते. माहेरी शिकले होते आणि सासरी वन्संनाही गाण्याची आवड निघाली. दोघी एकाच वयाच्या. दुपारी धाकट्या खोलीत पेटी काढायचो. पेटी त्या वाजवायच्या, मी वैजूला मांडीवर घेऊन गायची. वैजू म्हणजे ऋजुताची आई. तेव्हा सहा-सात महिन्यांची असेल.

कोल्हापूरचे आठल्ये मास्तर भावगीतांची मंडळी चालवायचे. गावोगाव कार्यक्रम. त्यांना एक गाणारी बाई हवी होती. ह्यांच्या ओळखीनं त्यांचं आमच्याकडे यायचं ठरलं. पण आमच्या सासूबाईंचा एक नियम होता. सुनेनं परक्या पुरुषासमोर पेटीला बसायचं नाही. मुलगी बसली तर चालेल, सून नाही. मग ह्यांनीच तोड काढली. "समोर नको ना बसायला? मग टेप करू. टेपमध्ये गायलेलं चालतं की नाही, आई?" सासूबाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "टेपमध्ये तोंड दिसत नाही. चालेल."

माग बंद असायचे त्या सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डिंग झालं. ह्यांनी दोन माइक लावले, एक माझ्यासमोर, एक वन्संच्या समोर. ओवीच्या चालीवरचं एकच गाणं, दोघींनी मिळून गायलेलं. गाताना मला काय झालं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. घर इतकं शांत, आणि त्या शांततेत माझा आवाज मलाच नवा वाटत होता. संपल्यावर सासूबाई दारातून म्हणाल्या, "प्रमिला, बरं गातेस गं." त्या बाईंनी मला तोवर भाकरीसुद्धा बरी जमते असं म्हटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मास्तर आले. पुरुष मंडळी आणि वन्सं बाहेरच्या खोलीत, मी आत भजी तळत होते. ह्यांनी टेप लावला. मी गॅस बारीक केला आणि दाराशी कान लावून उभी राहिले.

वन्संचा आवाज येत होता. भरून येत होता. आणि माझा? माझा आवाज जणू शेजारच्या घरातून येत होता. कुणीतरी बाई लांब, भिंतीपलीकडे काहीतरी पुटपुटतेय, असा.

मास्तर म्हणाले, "बहिणीचा गळा पुढे येतो. वहिनी गातात सुरात, पण आवाजाला फेक नाही. स्टेजवर नाही चालायचं."

रात्री मी ह्यांना विचारलं, असं कसं झालं? तर हे म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्याला आपला आवाज मोठा वाटतो. पण माइक खोटं बोलत नाही."

मी ते मानलं. न मानून काय करणार, यंत्रच तसं म्हणत होतं. वन्सं मंडळीत गेल्या. नाव झालं, मग वर्ग काढला. मी पुन्हा पेटीपाशी बसले नाही. वैजूच्या बारशाच्या वेळी पाळणा म्हटला होता, तिच्या धाकट्या भावाच्या बारशाला तोही दुसऱ्या बायकांना म्हणायला सांगितला. जिच्या आवाजाला फेक नाही तिनं कशाला म्हणायचं?

"झालं," ऋजुता शोकेसमागून बाहेर आली. केसांना जळमटं. "आता सगळ्यांनी गप्प बसा. इंदूआजी, तयार?"

"लाव बाई. मीसुद्धा इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही," वन्सं म्हणाल्या. "दादा कॅसेट देतच नव्हता कुणाला."

"खराब होते सारखी वाजवून," हे म्हणाले. कपातला चहा त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

ऋजुतानं फोनवर बोट ठेवलं. खरखर झाली, आणि खिडकीकडच्या स्पीकरमधून आवाज आला. एका स्पीकरमधूनच. पण आवाज असा, की ऋजुताचं बोट फोनवर तसंच राहिलं. खालच्या सुरातून उठून तो वर गेला आणि तिथं नुसता थांबला. जोर नाही, ओढाताण नाही. मागं कुठंतरी लांब पेटी आणि दुसरं कुणीतरी.

"अगं आई गं," ऋजुता हळूच म्हणाली. "इंदूआजी! काय आवाज होता तुमचा!"

वन्संनी डोळे मिटले होते. "होता गं तेव्हा गळा," त्या म्हणाल्या. "तेव्हाचं सगळंच वेगळं."

मला अजून कळलं नव्हतं. आवाज ओळखीचा वाटत होता, पण कुणाचा ते मनात येत नव्हतं. आपलाच आवाज आहे हे माणसाच्या लगेच ध्यानात येत नाही. शिवाय मला माझा आवाज पक्का ठाऊक होता, भिंतीपलीकडे पुटपुटणारा.

अंतरा सुरू झाला आणि त्याच स्पीकरमधून, अगदी जवळून, बाळ कुरकुरलं. गाणारीनं गाता गाताच त्याला थोपटलं. थपथप ऐकू आली, बांगड्यांची किणकिण आली, आणि सूर मात्र हलला नाही.

"हे कोण?" ऋजुता हसली. "कुणाचं पिल्लू घुसलं रेकॉर्डिंगमध्ये?"

"तुझी आई," मी म्हटलं.

"आई! कित्ती गोड! इंदूआजींच्या मांडीवर बसली होती?"

वन्संनी डोळे उघडले होते.

"वन्सं पेटी वाजवत होत्या," मी म्हटलं. "पेटी वाजवणारीच्या मांडीवर मूल कसं बसेल?"

"मग कुणाच्या?"

"माझ्या."

ऋजुतानं गाणं थांबवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या स्पीकरकडे. "आजी, हा आवाज तुझा आहे?"

"बंद कर ते आता," हे म्हणाले. "वायर भिकार आहे. एकाच बाजूनं वाजतंय. त्यावरून काय कळणार?"

"हां, एकच बाजू येतेय खरी. लाल पिन सैल असेल." ती पुन्हा मागे गेली. खुडबुड केली. गाणं पहिल्यापासून लावलं आणि आता दाराकडच्या स्पीकरलाही कंठ फुटला. तिकडून पेटी आली, वन्सं आल्या. चांगल्याच गात होत्या. नेमक्या, जपून, घोकलेलं म्हणावं तशा. दोन्ही आवाज खोलीच्या मधोमध भेटत होते, आणि ज्याला कान आहेत त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"दोन माइक होते का?" ऋजुतानं विचारलं. "एका बाजूला आजी, एका बाजूला इंदूआजी? भारी केलंय, आजोबा. पण आजी, तू गायचीस हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"माझ्या आवाजाला फेक नव्हती," मी म्हटलं. "आठल्ये मास्तरांनी इथंच बसून ऐकलं. याच स्पीकरवर. मीही ऐकलं, त्या दारातून. माझा आवाज येतच नव्हता."

"असं कसं? टेप तर हाच ना?"

"हाच."

ती यंत्राकडे वळली. "मग तेव्हा हे कुणीतरी फिरवलं असेल. हे बघ, बॅलन्सचं बटण, ज्या बाजूला फिरवाल तोच स्पीकर मोठा..."

"त्याला हात लावू नकोस!"

हे इतक्या जोरात ओरडले की वन्संच्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला. ऋजुतानं हात मागे घेतला. ह्या माणसानं नातीवर कधी आवाज चढवला नव्हता.

ते बटण मी रोज पुसत आले होते. बोराएवढं, चंदेरी, मधोमध रेघ असलेलं. मला पुसायची मुभा होती. फिरवायची नव्हती, आणि कशासाठी फिरवतात हे मी कधी विचारलंही नव्हतं. मी पुढे झाले. गाणं चालूच होतं. बटण चिमटीत धरलं आणि दाराच्या बाजूला फिरवलं.

खिडकीकडचा स्पीकर विझत गेला. वन्सं पुढे आल्या, भरून आल्या. आणि मी गेले भिंतीपलीकडे, शेजारच्या घरात.

"असंच होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी हुबेहूब असंच होतं."

ऋजुतानं फोन बंद केला. मागे मागांची खटखट तेवढी राहिली.

"प्रमिला, बस खाली," हे म्हणाले.

"तुम्ही फिरवलं होतं?"

"बस आधी."

"मी उभ्यानं विचारते. तुम्ही फिरवलं होतं?"

ह्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "इंदूचं लग्न मोडलं होतं त्या साली. आठवतंय ना? हळदीच्या आदल्या दिवशी. विहिरीकडे तिला एकटीला सोडत नव्हतो आपण. तुला नवरा होता, मूल होतं, घर होतं. तिच्याजवळ काय होतं? मास्तरांना एकच बाई हवी होती."

"मग मला सांगायचं होतं. मी म्हटलं असतं, वन्संना जाऊ द्या."

"म्हटलं असतंस?"

"ठाऊक नाही. पण म्हणायचं का नाही ते माझं मला ठरवू द्यायचं होतं. तुम्हाला बहिणीला काही द्यायचं होतं ना, मग तुमचं द्यायचं. एखादा माग द्यायचा. माझं कशाला दिलंत?"

"आणि तू गावोगाव हिंडली असतीस तर इथं कुणी बघायचं?" हे तोंडातून निसटलं आणि ते त्यांनाही कळलं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मी वन्संकडे वळले. त्या बशीतला चहा कपात ओतत होत्या. थेंबभर होता, पण त्या ओततच होत्या.

"वन्सं, तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी नव्हतं, वहिनी. शपथ."

"नंतर?"

"पहिला कार्यक्रम झाला. मी हरखून गेले होते. तेव्हा दादा म्हणाला, जास्त हुरळू नकोस, असं असं आहे. वहिनीला जपून वाग."

वन्संनी मला खरंच जपलं होतं. दर दिवाळीला साडी. प्रत्येक कार्यक्रमाचा पहिल्या रांगेतला पास. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र बसल्या होत्या. मला वाटायचं, काय नशीब माझं, नणंद असावी तर अशी.

"मघाशी," मी म्हटलं, "ऋजूनं आवाजाचं कौतुक केलं. तुम्ही म्हणालात, तेव्हा गळा होता. तुम्हाला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही? जन्मभर गाणं शिकवलंत तुम्ही."

त्यांनी मान खाली घातली. मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"ऋजुता, बाळा, समारंभात एकच बाजू लावता येते का? दाराकडची? माझी?"

"येते," ऋजुता म्हणाली. "पण मग आजी ऐकूच येणार नाही."

"तेच म्हणते मी. पत्रिकेत माझं नाव छापलंय. हॉलभर माझ्या मुली बसणार, त्यांना सूर कळतो. दोन्ही बाजू लावल्या तर..." त्या माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुम्हाला आता काय करायचंय हो? मला एवढंच आहे. दुसरं काहीच नाही मला."

"बरोबर आहे तिचं," हे खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "सत्कार तिचा आहे. आता उकरून काय मिळणार?"

पुन्हा तेच. तेच दोघं, तीच खोली, आणि माझं काय करायचं याचा निकाल लागत होता. फरक एवढाच होता की या वेळी मी दाराआड नव्हते.

"ऋजू, दोन्ही बाजू लावायच्या," मी म्हटलं. "बटण मधोमध. नाव कुणाचं घेऊ नका. माझं नाव नकोच मला. पण बाळ रडतंय तेही राहू दे, बांगड्याही राहू देत. आहे तसं लावायचं. ज्याला जे ऐकू येईल ते येईल."

"इंदू कशी दिसेल मग लोकांत?" ह्यांनी विचारलं.

"गाते तशी दिसेल. वाईट नाही गात ती. माझ्या शेजारी गाते, एवढंच."

वन्सं चहा तसाच टाकून गेल्या. जाताना नेहमीसारखं 'येते हं' म्हटलं नाही. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अवाक्षर काढलं नाही आणि मीही काढायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर ते म्हणाले, "तुझ्या मनासारखं होईल. मी बोललो इंदूशी." त्यांच्यासाठी मी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी थालीपीठ लावलं. मला खोटं कशाला वाटेल?

समारंभाला मी माझी पैठणी नेसले. हॉल भरलेला. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. स्टेजच्या कडेला ऋजुता, मांडीवर फोन, वायर हॉलच्या यंत्राला लावलेली. सकाळीच येऊन तिनं सगळं वाजवून बघितलं होतं. मला लांबूनच तिनं अंगठा दाखवला. मला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. भरल्या हॉलमध्ये तो आवाज एकदा वर जाऊन थांबलेला मला ऐकायचा होता, बस.

हारतुरे झाले. भाषणं झाली. मानपत्र वाचलं, शाल घातली. वन्सं छान दिसत होत्या. माझ्याकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मग सूत्रसंचालन करणारी मुलगी माइकसमोर आली आणि हातातली चिठ्ठी बघत म्हणाली, "आता आपण सगळे ज्याची वाट बघत होतो तो क्षण. बाईंचं पहिलं ध्वनिमुद्रण. पण रसिकहो, मला सांगायला अत्यंत खेद होतो, की काही तांत्रिक अडचणीमुळे ते आज ऐकवता येणार नाही. त्याऐवजी बाईंच्या शिष्या..."

ऋजुता ताडकन उभी राहिली. फोन हातात उंच धरून ती त्या मुलीला काहीतरी सांगू लागली, पण तोवर समोरचे दिवे मंद झाले होते आणि मुली पेट्या घेऊन रांगेनं स्टेजवर येत होत्या.

हॉलमधून हळहळ उठली. मागच्या बायका म्हणाल्या, "अरेरे, ऐकायला हवं होतं हो." माझ्या शेजारच्या खुर्चीत हेही हळहळले.